प्लॉट घ्या, पण बाँडवर नको



दिवाळीचा सीझन बरा गेला, गल्ल्यात चार-पाच लाख शिल्लक राहिले, की आपल्या लोकांच्या डोक्यात पहिला विचार माल वाढवायचा येत नाही. प्लॉटचा येतो. माझं दुकान गुलमंडीत आहे, त्यामुळे हे दर वर्षी बघतो. जानेवारी लागला की एजंट चहाला येऊन बसतात. मोबाईलमध्ये रंगीत नकाशा आणि तोंडात तीन नावं: ऑरिक, समृद्धी, टोयोटा. "भाऊ, बिडकीनपासून दहा मिनिटं. वीस बाय तीस. आज टोकन टाका, उद्या रेट वाढणार."

टोयोटाने जुलै 2024 मध्ये सरकारशी करार केला हे खरं आहे. समृद्धीवर गाड्या पळतायत हेही खरं. पण कंपनी येणं वेगळं आणि जमीन तुमच्या नावावर होणं वेगळं. एजंट पहिल्या गोष्टीबद्दल बोलतो आणि पैसे दुसऱ्या गोष्टीचे घेतो.

आता हा वीस बाय तीस म्हणजे किती? 600 चौरस फूट. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे हा अर्ध्या गुंठ्याच्या थोडा वर. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. 2023 मध्ये शेतजमिनीचं किमान क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे ठरलं. मग मंजूर लेआउट नसलेल्या शेतातला अर्धा गुंठा तुम्हाला सरळ खरेदीखताने कसा मिळेल? म्हणूनच तो म्हणतो, "रजिस्ट्री सध्या बंद आहे, सुरू झाली की करून देतो. तोवर बाँड करू, नोटरी करू, मुखत्यारपत्र देतो." हे वाक्य ऐकलं की चहा संपवा आणि निघा.

कुणी म्हणेल, हायकोर्टाने तर परवानगी दिली होती ना? तुकड्यांची दस्तनोंदणी थांबवणारं जुलै 2021 चं परिपत्रक आपल्याच शहरातल्या खंडपीठाने मे 2022 मध्ये रद्द केलं, बरोबर. पण परिपत्रक रद्द झालं, कायदा नाही. एजंटांनी मात्र "तुकडेबंदी उठली" असा गाजावाजा करून माल खपवला. 2025 मध्ये सरकारने शहरी भागासाठी ज्या सवलती आणल्या, त्या आधी होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी आहेत. आज बाँडवर घेतलेल्या प्लॉटला त्यांचा आधार शोधू नका.

नोटरी म्हणजे काय, हेही एकदा नीट समजून घ्या. समोर सही झाली एवढंच नोटरी सांगतो. विकणारा मालक आहे की नाही, हे तो सांगत नाही. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो, हे 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. आणि नुसत्या मुखत्यारपत्राने, करारनाम्याने मालकी बदलत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये स्वच्छ सांगितलंय. शंभरचा बाँड 2024 मध्ये पाचशेचा झाला. कागद महागला, त्याची ताकद तेवढीच राहिली.

दुसरं पेटंट वाक्य: "गुंठेवारीत करून घेऊ." अहो, गुंठेवारीचा कायदा 2001 चा. 2021 मध्ये त्याची मुदत वाढवली ती 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉट-बांधकामांसाठी. आज पाडलेला प्लॉट त्यात बसत नाही. जुना असला तरी डीपी रोडवर किंवा आरक्षणात असेल तर तोही नाही. 2025 च्या जून-जुलैत मुकुंदवाडी, पडेगाव भागात महापालिकेचे जेसीबी फिरले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तिथे दुकानं टाकलेले लोक माझ्यातुमच्यासारखेच होते. म्हणून आधी महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा.

तपासणीचं म्हणाल तर माझा सगळा जोर सातबाऱ्यावर असतो. लोक मालकाचं नाव बघतात आणि घडी घालतात. खरी गंमत "इतर अधिकार" या रकान्यात असते: बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा दावा. वर भूधारणा पद्धत बघा. भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार अडकतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, इथे इनामी जमिनी भरपूर, त्यामुळे जुने फेरफार काढून वाचायचा आळस इथे परवडत नाही. वक्फची जमीन तर विकताच येत नाही. राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय आपल्या पाणचक्कीलाच आहे, शंका असेल तर गट नंबर घेऊन जाऊन विचारा.

आणि बहिणी! तीन भावांनी सह्या केल्या म्हणजे झालं, असं अजून समजतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क 2005 च्या दुरुस्तीने मुलांइतकाच आहे, आणि सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. नोंदणीकृत हक्कसोड पत्र तरी दाखवा, नाहीतर ताईंना सहीला घेऊन या, असं सरळ म्हणायचं. विकणारा चिडला तर उत्तर तिथेच मिळालं.

ग्रामपंचायतीचा नमुना 8, घरपट्टीची पावती, लाइट बिल यातलं काहीही मालकीचा पुरावा नाही. लेआउट 500 चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा नंबर मागा आणि साइटवर स्वतः टाकून बघा. त्या नंबराशिवाय त्यांना जाहिरातसुद्धा करता येत नाही. नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम त्यांनी घ्यायची नाही. टोकन रोख देऊ नका. वीस हजार किंवा वर रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो, आणि तुमच्याकडे दिल्याचा पुरावा राहत नाही तो वेगळाच.

प्लॉटऐवजी दुकानाचा गाळा घेत असाल तर जुन्या शहरात सातबारा नाही, नगर भूमापनचं मालमत्ता पत्रक बघायचं. आमच्या बाजारात बरेच गाळे पगडीचे आहेत. भाडेकरू "विकतो" म्हणतो तेव्हा तो ताबा देतोय, मालकी नाही. पगडीचा व्यवहार 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याला मान्य आहे, पण मूळ मालकाची लेखी संमती आणि तुमच्या नावाची भाडेपावती हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

आता माझं मत, आवडो न आवडो. धंद्याला तीन वर्षं झाली नसतील तर प्लॉट घेऊच नका, कागद कितीही स्वच्छ असले तरी. माझ्या बॅचमधल्या एका मोबाईल ॲक्सेसरीजवाल्याने चार लाख प्लॉटमध्ये घातले आणि लग्नसराईत होलसेलवाल्याला द्यायला पैसे उरले नाहीत. उधारीचा माल महाग पडला, गिऱ्हाईक शेजारी गेलं. प्लॉट जागेवरच होता, पण ऐन सीझनला विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळेना. माल महिन्यात फिरतो, जमीन फिरत नाही. आधी सहा महिन्यांचं भाडं आणि एका सीझनचा माल बाजूला ठेवा. त्यावर उरेल त्याचं बघू.

घ्यायचंच ठरलं तर टोकनच्या आधी आपला वकील लावा, एजंटने सुचवलेला नको. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट त्याच्याकडून लेखी घ्या. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. मुद्रांक शुल्क वेगळं, ते आधीच धरून बजेट करा. पुढच्या व्हिडिओत एक सातबारा ओळीओळीने वाचून दाखवणार आहे. तुमच्या हातात कुठल्या जमिनीचा असेल तर नावं आणि गट नंबर झाकून शुक्रवारपर्यंत पाठवा.