नाव ठोकलेले दुधाचे कॅन

आठवड्याच्या बाजारात भंगारवाल्याकडे चाळीस लिटरचा दुधाचा कॅन नव्याच्या मानाने फार थोड्या किमतीत मिळतो, व आपल्यापैकी पुष्कळजण तो घेतात. पाण्यास, जीवामृतास तो सोयीचा पडतो यात संशय नाही. मात्र त्याच्या अंगावर बहुधा एखाद्या दूध संघाचे नाव ठोकलेले असते. वाचता येत असून ते नाव न वाचणे, हा प्रकार आम्हांस विचारणीय वाटतो.

आम्ही दाम मोजले, चोरी असेल तर ती विकणाऱ्याची, असे उत्तर नेहमी मिळते. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या २७ व्या कलमाचे सामान्य तत्त्व असे की, विकणाऱ्याचा जितका हक्क तितकाच घेणाऱ्यास मिळतो. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असूनही अप्रामाणिकपणे तो घेणाऱ्यास २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अंगावरचे नाव हे तसे कारण होते की नाही, ते न्यायालय पाहील. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

जुना कॅन म्हणजे चोरीचाच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावोगावी शीतकरणाच्या टाक्या आल्यापासून कित्येक कॅन रिकामे पडले. संघाने ते रीतसर विकले असतील तर त्यांची पावती असते. पावती नाही आणि नाव मात्र कानशीने घासलेले, असा कॅन आम्हांस नाव असलेल्याहून अधिक संशयास्पद वाटतो.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर घरी बिअर करणारे वाढले, व कारखान्यांच्या पोलादी पिपांची तोंडे कापून त्यांत ते रस उकळू लागले. साडेपंधरा गॅलनच्या त्या पिपावर मालकाचे नाव असते. गिऱ्हाईक भरते ती केवळ अनामत, आणि ती पिपाच्या किमतीहून पुष्कळ कमी. तरी अनामत सोडली म्हणजे पीप आपले झाले, असे तेथेही कित्येक म्हणतात. आपल्याकडे भाजीच्या क्रेटविषयी हीच भाषा ऐकू येते!

तेथे पिपाचा मालक निदान कोणी परका कारखानदार असतो. सहकारी दूध संघ कोणाचा? दूध घालणाऱ्या सभासदांचा. हरवलेल्या कॅनची किंमत संघाच्या खर्चात पडते आणि सभासदाच्या पदरी येणाऱ्या रकमेतून वजा होते. शिवाय ज्या कॅनात कोणी फवारणीचे औषध कालवले, तोच भंगारातून फिरून पुन्हा दुधास लागला, तर त्याचे परिणाम कोणाच्या घरी जातील?

ज्यांच्या घरी असा कॅन आजच आहे, त्यांनी तो त्या संघाच्या कचेरीत दाखवावा. विकून टाकलेला आहे असे संघ म्हणेल, तर तसे लिहून घ्यावे. आमचा आहे असे म्हणेल, तर पोच घेऊन कॅन परत करावा व मोजलेले पैसे भंगारवाल्याकडे मागावेत.