आधी बर्थ, मग पैसे

रेल्वेचे तत्काळ आरक्षण एसीसाठी सकाळी दहाला आणि बिगर-एसीसाठी अकराला सुरू होते. त्या मिनिटांत असंख्य लोक एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असतात: बर्थ शिल्लक आहे का? दर वेळी उत्तर मूळ डेटाबेसमधून शोधायचे तर यंत्रणा बसेल. म्हणून आयआरसीटीसीच्या 2014 च्या नव्या ई-तिकीट प्रणालीत ‘जेमफायर’ आले. माहिती अनेक सर्व्हरच्या रॅममध्ये ठेवणारा हा कॅशे. तेव्हा मिनिटाला 2000 तिकिटांची क्षमता 7200 वर गेल्याचे सांगितले गेले. हे काम मोठेच होते.

पण कॅशेमुळे वेग येतो तो मुख्यतः पाहण्याला. तिकीट निघायला प्रवाशाची बँक, पेमेंट गेटवे, आयआरसीटीसी आणि रेल्वेची आरक्षण प्रणाली या सगळ्यांचे जुळावे लागते. बर्थ कोणाचा, हे त्या प्रणालीचा डेटाबेसच ठरवतो आणि त्यानेच ठरवावे. रॅममधली प्रत क्षणभर जुनी असू शकते; तिच्या भरवशावर एक बर्थ दोघांना विकला जाता कामा नये. खोट आहे ती क्रमात. सहसा पैसे आधी कापले जातात, बर्थ मागाहून मागितला जातो. बँकेचा ओटीपी येऊन पैसे कापले जाईपर्यंत तो अनेकदा गेलेला असतो. ज्याच्या खात्यात मोजकेच पैसे आहेत, त्याला रिफंड येईपर्यंत दुसरे तिकीटही काढता येत नाही. हा अन्याय आहे.

सिनेमाची खुर्ची पैसे भरेपर्यंत काही मिनिटे आपल्यासाठी धरून ठेवली जाते. बर्थही तसाच धरावा. मुदतीची नोंद ठेवणे आणि वेळ संपताच ती पुसणे, हे तर कॅशेचे नेहमीचे काम. एक सर्व्हर बंद पडला तरी नोंद राहावी म्हणून दुसऱ्यावर तिची प्रत ठेवता येते. दलाल बर्थ अडवून बसतील, ही भीती खरी आहे. पण 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधार-प्रमाणित खात्यालाच मिळते. एका खात्याला एका वेळी एकदाच बर्थ धरू द्यावा.

मात्र धरलेला बर्थ स्टेशनच्या खिडकीवरही मोकळा दिसता कामा नये. म्हणजे बदल संकेतस्थळापुरता करून भागणार नाही. तो आरक्षण प्रणालीच्या गाभ्यातच हवा. मिनिटाला दीड लाखावर तिकिटे आणि चाळीस लाखांवर चौकशा पेलणारी नवी प्रणाली रेल्वेने 2025 मध्ये जाहीर केली आहे. बर्थ धरून ठेवण्याची सोय तिच्यातच घालावी.