समुद्र पाहायला निघताना

आसेगावहून समुद्र कोणत्याच दिशेला जवळ नाही. वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातले हे गाव सोयाबीन आणि तुरीच्या मुलखातले. या जिल्ह्याचे पाणी मात्र दोन्ही समुद्रांना मिळते. काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला आणि पुढे तापीच्या वाटेने अरबी समुद्राला जाते. अडाण आणि अरुणावती पैनगंगेतून गोदावरीकडे, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे जातात. पाणी जिथे दरवर्षी पोचते, तिथे इथल्या माणसाला आयुष्यात एकदा जाता आले तरी पुष्कळ, अशी स्थिती परवापरवापर्यंत होती.

ती आता पालटते आहे. वाशीम जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. सोयाबीन विकून हाती चार पैसे आले की चार घरे मिळून गाडी ठरवतात आणि दिवाळीच्या सुटीत कोकण गाठतात. म्हाताऱ्या आजीला समुद्र दाखवायचा असतो, पोरांना वाळूत खेळायचे असते. यात उधळपट्टी काही नाही. कष्टकरी माणसाचा तो हक्कच आहे.

काळजी वाटते ती सहलीच्या आखणीची. रात्रभर प्रवास, सकाळी गाडीतून उतरून थेट पाण्यात, दुपारी मासळीचे किंवा उकडीच्या मोदकांचे जेवण, संध्याकाळी घाट आणि पुन्हा रात्रभर प्रवास. समुद्र आणि घाट या दोन्ही गोष्टी घाईला क्षमा करीत नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीहून महाबळेश्वरला निघालेली सहलीची बस आंबेनळी घाटात कोसळली आणि ३० जण गेले. ती माणसे तर कोकणातच नोकरी करणारी होती. मग सपाट मुलखातून येणाऱ्यांनी किती जपायला हवे!

ज्याला विहिरीत पोहता येते त्याला समुद्रात पोहता येतेच असे नाही. विहिरीचे पाणी जागेवर राहते. ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू काढून घेते आणि माणसाला आत ओढते. हे समजायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. घरातल्या भिंतीवरचे पंचांग पुरते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे नऊला, ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे पाणी. दिवाळीची सहल बहुधा अमावास्येला लागूनच निघते. म्हणजे नेमकी उधाणात. तिथी पाहून पेरणी आणि लग्ने ठरविणाऱ्या घरांनी सहलीसाठीही पंचांग उघडावे. अर्थात हा अंदाज झाला. शेवटचा शब्द तिथल्या कोळ्याचा.

खरे म्हणजे समुद्र डुंबण्यापेक्षा चालण्यानेच अधिक कळतो. गुहागरचेच उदाहरण घ्या. व्याडेश्वराचे दर्शन घेऊन किनाऱ्यावर उतरावे आणि सुरूच्या झाडांच्या कडेने, ओल्या घट्ट वाळूवरून दोन तास चालावे. एवढ्या चालण्यात आजीही दमत नाही. दमली तर सुरूच्या सावलीला बसते. पोरांना शिंपले मिळतात आणि पाणी किती मागे गेले, कसे परत आले, हे डोळ्यांदेखत कळते. हे शाळेच्या पुस्तकात भेटत नाही.

मग दिवसाउजेडी घाट. चिपळूणहून पोफळीवरून कुंभार्ली घाट चढून कोयनानगर गाठता येते. या वाटेवर वाशीमच्या माणसाला ओळखीची गोष्ट दिसते. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचा स्वाभाविक मार्ग पूर्वेचा. पण धरणाचे पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवून त्यावर वीज करतात आणि ते पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. आपल्याकडे एका जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना निसर्गाने वाटले. इथे माणसाने वळविले. मुलांना गाडी थांबवून हे सांगितले पाहिजे.

घाटाचे नियम जुनेच आहेत. चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे म्हणजे जिवाशी खेळ. वळणावर ओव्हरटेक नको, आणि रात्रभर जागलेल्या चालकाच्या हाती घाटात गाडी नको. चालकाला झोप मिळावी म्हणून एक मुक्काम वाढला, तर तो खर्च सहलीचाच समजावा.

सहलीत किती ठिकाणे झाली, हे गावी परतल्यावर चार दिवस सांगता येते. पण एक समुद्र आणि एक घाट नीट पाहिला तर तो जन्मभर पुरतो. गाडी निघण्यापूर्वी यादीतली दोन नावे खोडावीत. जेवढी माणसे निघाली, तेवढी घरी परतावीत, यापेक्षा सहलीचे मोठे यश नाही.