घरचा कारभार : बोटीवरच्या माणसाची फाइल

श्रीवर्धन भागातल्या एका भगिनीने विचारलं आहे : "मुलाने बोटीवर चढण्याआधी सगळे कोर्स केले. आता पाच वर्षं झाली तर म्हणतो, पुन्हा रिफ्रेशर करायचा आहे, पैसे द्या. एकदा शिकलेलं पुन्हा काय शिकायचं? ही एजंट लोकांची पैसे काढायची युक्ती तर नव्हे?"

प्रश्न एकीचा असला तरी तो उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळ्यापर्यंतच्या कितीतरी घरांतला आहे. माणूस असतो समुद्रावर आणि त्याच्या कागदपत्रांची फाइल असते आई नाहीतर बायकोच्या कपाटात. तेव्हा त्या कागदांचा अर्थ तिलाही कळायला हवा.

तर मैत्रिणींनो, रिफ्रेशर ही युक्ती नाही. व्यापारी बोटीवर काम करणाऱ्याला किमान काय आलं पाहिजे, हे ठरवणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याला एसटीसीडब्ल्यू म्हणतात. तो १९७८ साली लंडनमध्ये झाला आणि १९८४ पासून लागू झाला. पण त्यातल्या कितीतरी गोष्टी ज्याच्या त्याच्या सरकारवर सोपवलेल्या होत्या. एका देशाचं सर्टिफिकेट कसाला लागणारं, तर दुसऱ्याचं नुसता कागद! म्हणून १९९५ साली नियम कडक केले. नुसती परीक्षा पुरे नाही, काम प्रत्यक्ष करता येतं का ते बघा, असं ठरलं. २०१० मध्ये मनिला इथे पुन्हा मोठा बदल झाला, आणि जीव वाचवण्याचं व आग विझवण्याचं कौशल्य टिकून आहे हे दर पाच वर्षांनी दाखवायचं, असा नियम आला. तुमच्या मुलाचा रिफ्रेशर तो हाच.

काही सराव बोटीवर होतो. पण उलटा झालेला तराफा लाइफ जॅकेट घालून पाण्यात सरळ करणं, तेलाची खरीखुरी आग विझवणं, हे चालत्या बोटीवर कसं जमणार? त्यासाठी केंद्रातच जावं लागतं. वर्षानुवर्षं न केलेलं काम हात विसरतात. सणावारी वर्षातून एकदाच पुरणपोळी करणारीला विचारा, पहिली पोळी कशी होते ते! फरक एवढाच, की समुद्रावर पहिली बिघडली तर दुसरी करायला मिळत नाही. आपल्या किनाऱ्याला हे काय सांगायचं? १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली.

म्हणून कोणी म्हणालं, "केंद्रात जायला नको, पैसे द्या, सर्टिफिकेट घरपोच देतो," तर त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. बनावट कागद पकडला गेला तर नोकरी जाते, पोलीस केस होऊ शकते. आणि पकडला गेला नाही तर जास्तच वाईट, कारण आग लागेल तेव्हा तो कागद कामाला येणार नाही.

खरी फसवणूक असते ती नोकरी लावून देण्याच्या नावाखाली. सागरी कामगारांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली, त्याप्रमाणे बोटीवर लावून देण्यासाठी एजंटला खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा खलाशाकडे येऊ शकतो. "चांगल्या कंपनीत लावतो, अमुक लाख आणा," असं कोणी म्हणालं की मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर त्याचा आरपीएसएल परवाना आहे का ते बघा. स्वतःला जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवा. कोणता कोर्स लागतो, कोणतं केंद्र मान्यताप्राप्त, हेही तिथेच पाहायचं. एजंटच्या तोंडावर विसंबू नये.

नियम अजून बदलताहेत. बोटीवरची दादागिरी, छळ आणि लैंगिक त्रास कसा रोखायचा, हा विषय १ जानेवारी २०२६ पासून मूलभूत प्रशिक्षणात आला आहे. आपल्या मुलीही आता बोटीवर जातात, पण हे काही फक्त त्यांच्यासाठी नाही. पहिल्यांदा चढणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरालाही त्याची तितकीच गरज असते. कॅप्टन राधिका मेनन यांनी २०१५ च्या जूनमध्ये खवळलेल्या बंगालच्या उपसागरात सात मच्छीमारांचे प्राण वाचवले आणि पुढच्या वर्षी त्यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला. सध्या ही संघटना सबंध कराराचीच फेरतपासणी करते आहे. नवी इंधनं, नवी यंत्रं आली की शिकणंही नवं येणारच. तेव्हा घरच्या हिशेबात दर महिन्याला थोडी रक्कम 'कोर्स' म्हणून बाजूला टाकत जा.

आता फाइलकडे वळू. एक साधी वही घ्या आणि पहिल्या पानावर लिहा :

• इंडॉस नंबर, सीडीसी आणि पासपोर्टचे नंबर, आणि त्यांची मुदत संपायची तारीख.

• वैद्यकीय दाखल्याची मुदत. हा जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो.

• प्रत्येक कोर्सची तारीख, आणि पाच वर्षं कधी भरतात ते.

• बोटीचं नाव आणि सात आकडी आयएमओ नंबर. बोटीचं नाव बदललं तरी हा नंबर बदलत नाही.

• कंपनीचा आणि एजंटच्या ऑफिसचा फोन, आणि कराराची प्रत.

मुदत संपायच्या सहा महिने आधी कॅलेंडरवर खूण करा. सुट्टीवर आलेला माणूस लग्न-मुंज, घरदुरुस्ती यांत गुंततो आणि कोर्स राहून जातो. मग बोलावणं येतं आणि धावपळ उडते.

आणखी एक. फोन आला की पगार जमा झाला का, हे आपण विचारतोच. त्याबरोबर झोप मिळते का, हेही विचारा. चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती, हा त्याचा हक्क आहे आणि त्या नोंदीची प्रत त्याला मिळाली पाहिजे. दमलेला माणूस कितीही शिकलेला असो, चुकतोच.

तेव्हा श्रीवर्धनच्या ताई, मुलाला रिफ्रेशरला खुशाल पाठवा. फक्त केंद्र मान्यताप्राप्त आहे ना, ते आधी बघा, आणि पावती फाइलला लावायला विसरू नका.