भट्टीला नोटीस, पोकलेनला पत्रा

बांधकामांभोवतीच्या पत्र्यांवर मी फार लिहितो, अशी वाचकांची तक्रार आहे. पण या आठवड्यात आमच्या बेकरीवाल्याने लाकडाची भट्टी मोडली आणि मला पुन्हा पत्रेच आठवले.

जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. ठीकच झालं, धूर तो धूर. पावाची चव गेली म्हणून गळे काढणाऱ्यांशी मी भांडलोही आहे. पण त्याच बेकरीसमोर पुनर्विकासाच्या खड्ड्यात पोकलेन दिवसभर काळा धूर ओकतात. त्यांना कोणती मुदत? त्यांच्याभोवती पस्तीस फुटी पत्रा, हिरवं कापड आणि पाण्याची तोफ. तोफेने माती बसते, डिझेलची काजळी नाही. ती अडीच मायक्रॉनहूनही बारीक असते, पत्र्यावरून आरामात आमच्या खिडकीत येते. याच डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे.

बेकरीवाल्याला भट्टीच नवी घ्यावी लागली. पोकलेनवाल्याची अडचण काय? एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं, म्हणजे धुराच्या नळीत काजळीची गाळणी टिकेल असं इंधन पंपावर हजर आहे. जानेवारी २०२५ पासून बांधकामाच्या नव्या यंत्रांना धुराचे पाचव्या टप्प्याचे निकषही आले. फक्त त्या नियमातल्या व्याख्येत रबरी टायर किंवा स्टीलच्या ड्रमवर चालणारी यंत्रं बसतात. लोखंडी पट्ट्यांवरचा पोकलेन सुटला! स्कूटरला पीयूसी, पाववाल्याला नोटीस आणि खड्ड्यातल्या सर्वात मोठ्या धुराड्याला व्याख्येचं संरक्षण. हा मसुदा ज्याने केला, त्याचा बिल्डरांनी सत्कार करावा.

आणि डिझेलच नको म्हटलं, की प्रश्न येतो: ‘विजेवर पोकलेन कसा चालणार?’ मेट्रो ३ चे बोगदे खणणारी टीबीएम विजेवरच चालली. ऑस्लोत २०१९ मध्ये एका रस्त्याचं काम विजेच्या यंत्रांनी झालं. २०२५ पासून तिथल्या पालिकेच्या कामांवर धूर न सोडणारी यंत्रं ही अटच आहे. नॉर्वे श्रीमंत, मान्य. आमचा बेकरीवाला कुठे श्रीमंत होता?

केंद्राच्या नियमातली व्याख्या बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. रस्ते काँक्रीटचे करण्याची कंत्राटं महापालिकाच देते. पुढच्या निविदेत तिने एक अट घालावी: गाळणी नसलेलं डिझेल यंत्र कामावर आलं, तर बिल अडेल.