अपग्रेडचा रोग आणि सोल्डरिंगचं औषध

आयटीवाल्यांना तिशीच्या आसपास काही ठरावीक रोग होतात. एक मॅरेथॉनचा, दुसरा कॅमेऱ्याचा आणि तिसरा (सगळ्यात महागडा) हाय-फायचा. तिसऱ्याचं लक्षण ओळखायला सोपं आहे. माणूस गाण्याबद्दल बोलायचं सोडतो आणि डब्यांबद्दल बोलायला लागतो. किशोरीताईंनी भूप कसा मांडला हे तो सांगणार नाही, पण "नवीन डॅक लावल्यापासून तानपुरा काय मोकळा झालाय!" हे अख्ख्या कँटीनला ऐकवणार. पुढच्या अप्रेझलनंतर तोही डॅक जाणार, कारण वरचं मॉडेल आलेलं असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. याला छंद म्हणू नका, ही खरेदी आहे. खरेदीला माझी हरकत नाही, पैसे तुमचे. पण कार्ड स्वाइप करणाऱ्याने स्वतःला 'ऑडिओफाइल' म्हणवून घ्यायचं आणि तीस वर्षं अँप्लिफायर उघडून बसलेल्या माणसाला 'लोकल मेकॅनिक' म्हणायचं, हे मला खटकतं. हाय-फायचा खरा छंद स्क्रू ड्रायव्हरपासून सुरू होतो.

आधी केबल घेऊ, कारण सगळ्यात मोठी अंधश्रद्धा तिथेच आहे. घराच्या वायरिंगला वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ७.५ मिलिओहम. स्पीकर पाच मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.०७५ ओहम. पुढे ८ ओहमचा स्पीकर. आवाजात घट किती? ०.०८ डेसिबल. सोफ्यावर जरा सरकून बसलात तरी यापेक्षा जास्त फरक पडतो. हे गणित बारावीच्या फिजिक्सचं आहे, आणि ते येणारी इंजिनिअर मंडळीच वीस-वीस हजारांची केबल घेतात. कमाल आहे!

"अरे पण आम्हाला फरक ऐकू येतो ना!" येत असेल. पण किंमत माहीत असताना येतो. डोळ्यांवर पट्टी बांधली की काय होतं, ते लोकांनी तपासलंय. २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये मायर आणि मोरन या दोघांचा प्रयोग छापून आला. हाय-रिझोल्युशन रेकॉर्डिंग एकदा थेट ऐकवायचं, एकदा सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या चाळणीतून. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं आली २७६. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. त्या प्रयोगावर टीकाही झाली. मग २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं सुमारे ५२ टक्के. फरक असलाच तर तो एवढासा. त्याच्यासाठी दोन महिन्यांचा पगार?

आपण कोड लिहिणारी माणसं. प्रोग्राम स्लो असेल तर आधी प्रोफायलर लावतो, बॉटलनेक शोधतो, मग हात घालतो. इथे ती शिस्त कुठे जाते? बऱ्यापैकी अँपचं डिस्टॉर्शन टक्क्याच्या शंभराव्या भागात मोजतात. स्पीकर मात्र मोठ्या आवाजात खालच्या सुरांना टक्का-दोन टक्के सहज ओलांडतो. आणि खोली! खाली टाइल्स, समोर काच, बाजूला नागडी भिंत. जाड सतरंजी टाका, स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. जो फरक पडेल तो कुठलाही डॅक देणार नाही. तेव्हा अपग्रेड करायचंच असेल तर खोली आणि स्पीकरपासून करा, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. ५० वॉटच्या जागी १०० वॉटचा अँप आणलात तर मिळतात फक्त ३ डेसिबल, हेही लक्षात असू द्या.

आता दुरुस्ती. आमच्या घरी बाबांनी १९८६ साली घेतलेला भारतीय बनावटीचा अँप आहे. एवढ्या वयाच्या अँपची दुखणी ठरलेली असतात. स्पीकरमधून 'हम्म' येतोय? पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेत. व्हॉल्यूम फिरवताना खरखर? पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. एक चॅनल मधूनच गायब? रिले किंवा उडालेलं सोल्डर बघा. स्पीकरच्या कडेचा फोम भुगा झालाय? नवा चिकटवता येतो. आमच्या अँपचा सगळा खर्च हजाराच्या आत झाला. नवे कपॅसिटर घेताना ८५ऐवजी १०५ डिग्रीचे घ्या. तापमानातल्या दर १० अंशांच्या फरकाने त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट-निम्मं होतं. पॉवर ट्रान्झिस्टर मात्र जपून घ्या. सी५२०० आणि ए१९४३ या जोडीचा नकली माल बाजारात भरपूर आहे.

याच्या उलट अनुभव एका मित्राच्या रिसीव्हरचा. वय वर्षं चार. त्याच्याबरोबर सर्व्हिस सेंटरला गेलो, तर उत्तर मिळालं: "सर, बोर्ड बदलावा लागेल, बोर्ड येत नाही, एक्स्चेंज ऑफर आहे." झाकणसुद्धा उघडलं नाही! पुढे बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या जवळ एका काकांनी तो अर्ध्या तासात चालू केला. सप्लायमधला एक फुगलेला कपॅसिटर, बस्स. "दुकान पुढे कोण चालवणार, काका?" असं विचारलं तर हसून म्हणाले, "मुलगा तुमच्याच लाईनीत आहे."

माझा राग इथे आहे. सरकारने २०२२ साली 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं, उत्तम. पण दुरुस्त करणारा माणूसच उरला नाही तर हक्क घेऊन करायचं काय? लॅमिंग्टन रोडवर काय आणि तपकीर गल्लीत काय, अशी दुकानं आपल्यासारख्या गिऱ्हाइकांवर चालतात. आपण एक्स्चेंज ऑफर घेतो तेव्हा चालू होण्यासारखा अँप भंगारात जातो, आणि काकांचं एक गिऱ्हाईक कमी होतं.

"वेळ कुठाय?" हा शेवटचा बहाणा. रिव्ह्यू वाचायला रात्री दोन वाजेपर्यंत वेळ असतो की! एका शनिवारी काकांच्या शेजारी स्टूल टाकून बसा. मल्टिमीटर कसा धरायचा ते शिका (ई अँड टीसीवाल्यांनी तर नक्कीच :)). दोन गोष्टी मात्र पाळा. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो रेझिस्टरने उतरवल्याशिवाय आत हात घालू नका. आणि दुरुस्त केलेला अँप पहिल्यांदा सिरीजमध्ये १०० वॉटचा साधा बल्ब लावूनच चालू करा. बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला तर गाणं लावायला हरकत नाही.

माळ्यावरचा तो जुना डबा आधी खाली काढा. नवीन मॉडेल काय, पुढच्या वर्षीही येणारच आहे.