मोफत केसपेपर, बाहेरचे औषध

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. हा निर्णय स्वागतार्ह होता, यात शंका नाही. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला एक प्रश्न विचारणे भाग आहे. जी वस्तू कपाटात नाहीच, तिची किंमत शून्य केल्याने रोग्याच्या पदरात काय पडते? आमच्या महाविद्यालयातील एका शिपायाला मुलाच्या आजारपणात याचे उत्तर मिळाले. केसपेपर फुकट मिळाला. औषधे मात्र 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी हाती पडली आणि त्यासाठी त्याला पतपेढीचे कर्ज काढावे लागले.

आधुनिकीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नव्या इमारती आणि परदेशी यंत्रे उभी राहतात. भांडवली खर्चाची कोनशिला बसविता येते. महसुली खर्चाची बसविता येत नाही. तथापि यंत्र चालविणारा तंत्रज्ञ, त्याची दुरुस्ती आणि रोजच्या गोळ्या यांवाचून ती इमारत केवळ भिंतींचा सांगाडा ठरते.

या बाबतीत तामिळनाडूचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. आवश्यक औषधांची मर्यादित यादी, एकत्रित खुल्या निविदा, प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक, अशी ती साधी रचना होती. दवाखान्याने आपल्या गरजेनुसार माल उचलावा आणि पासबुकात नोंद करावी. अद्भुत असे त्यात काहीच नव्हते. होती ती हिशेबाची शिस्त.

महाराष्ट्राने २०१७ साली खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपविले आणि २०२३ साली कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण निर्माण केले. पाट्या बदलल्या, परंतु पुरवठादाराचे देयक रखडले, तर तो त्या विलंबाची किंमत पुढच्या निविदेत धरणारच. तेव्हा वेळेवर पैसे देणे हा उपकार नव्हे, ती काटकसर आहे.

कोणी म्हणेल, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे ना? आहे, पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्यासाठी. रक्तदाबाची रोजची गोळी तिच्या कक्षेत येत नाही. ती गोळी चुकली म्हणजेच पुढे मोठ्या खर्चाची वेळ येते.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चण्याचे उद्दिष्ट घालून दिले होते. महाराष्ट्र त्याच्या पुष्कळ मागे राहिला. तो पल्ला एका वर्षात गाठता येणार नाही, हे मान्य. मात्र प्रत्येक दवाखान्याच्या दारावर आज कोणती औषधे शिल्लक आहेत याचा फलक लावण्यास कोणत्या अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागते? निदान तेवढे तरी शासनाने करावे. म्हणजे रोग्याला आपला हक्क कळेल आणि शासनाला आपली उणीव.